माफ केल्याची बातमी

“तुम्ही चर्चला जाता? खरंच?” असं फोनबाईनं विचारलं तेव्हा दात बसवणाऱ्या बाईच्या हातात कवळीचा एक वरचा सुळा होता आणि तो मेणात नेमका किती कलता बसवायचा याचा ती विचार करत होती. रविवारी सकाळी जास्तीच्या कामाला कोण कोण येणार, असं मालकीणबाईंनी विचारलं होतं. फोनबाई कागद घेऊन टेबलाटेबलाशी फिरत होती. दात बसवणारी मान वर न करता म्हणाली होती, “रविवारी सकाळी नाही जमणार, मला चर्च असतं.” एवढंच. फोनबाईला कवळ्यांच्या या कारखान्यात लागून जेमतेम दोन महिने झाले होते. फोन घ्यायचे, दवाखान्यांतून आलेले जबड्यांचे ठसे ठेवून घ्यायचे, तयार कवळ्या डब्यांत भरून परत पाठवायच्या, ही तिची कामं आणि बोलणं हा तिचा छंद. तिनं कागद छातीशी धरला आणि कसलाही आडपडदा न ठेवता म्हणाली, “वाटत नाही हो तुमच्याकडे बघून. राग मानू नका हं. मला आपलं वाटायचं, इथं कुणी देवाचं माणूस असेल तर ते पॉलिशकाका.” मग ती हसली, पुढच्या टेबलाकडे गेली, आणि सुळा मेणात जरा जास्तच खोल रुतला.

सुळा उपटून काढून, मेण पुन्हा तापवून तिनं तो नव्यानं बसवला. हात शिकलेले होते, त्यांना फोनबाईचं बोलणं ऐकू आलं नव्हतं. बावीस वर्षं ती दात बसवत होती. तिचे दात शहरभर जेवत होते. कधीकधी बसमध्ये समोरचा म्हातारा जांभई द्यायचा आणि तिला आपले चार पुढचे दात ओळखू यायचे, लेकीच्या सासरी अचानक गाठ पडावी तसे. प्रत्येक नवी कवळी हातात घेताना ती मनात म्हणायची, प्रभू, या तोंडाला जेवण गोड लागू दे. हे कुणाला माहीत नव्हतं, माहीत असायचं कारणही नव्हतं. तिची अशी समजूत होती की श्रद्धा ही आतली वस्तू आहे. आत ती नीट सांभाळलेली होती, घडी घालून, कोपरे जुळवून. तिच्या मेणाच्या चाकूचंच बघा. बाकीच्यांचे चाकू महिन्या-दोन महिन्यांत बोथट व्हायचे, ते कुरकुरत नवे मागवायचे, आणि हिचा चाकू मात्र गेली दोन-तीन वर्षं लोण्यातून फिरावा तसा मेणातून फिरत होता. ही कृपाच, असं तिनं ठरवून टाकलं होतं आणि त्याबद्दल ती रोज सकाळी न चुकता आभारही मानायची. अशा बाईकडे बघून वाटत नाही म्हणजे काय? आणि वाटतं ते कुणाकडे बघून, तर पॉलिशकाकांकडे! ज्यांच्या तोंडून देवाचं नाव कुणी ऐकलं नव्हतं. देवाचंच काय, फारसं काहीच ऐकलं नव्हतं.

ते तिच्या समोरच बसायचे, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीखाली. दिवसभर त्यांचं पॉलिशचं यंत्र घोंघावत असायचं आणि पांढऱ्या बारीक धुळीत ते स्वतःही अर्धे प्लास्टरचे वाटायचे. तीन वर्षं ती त्यांच्याशी बोलली नव्हती. भांडण म्हणावं असं काही झालंच नव्हतं. एका गायिकेची कवळी होती. तिनं चार दिवस जीव ओतून बसवलेली. ती पॉलिशला गेली, आणि गायिकेचे डॉक्टर स्वतः मालकीणबाईंबरोबर दारात उभे असताना काका तिथूनच खच्चून ओरडले, “हे वाकडं आहे! मधली रेघ चुकली!” सगळ्या माना वळल्या. डॉक्टरांनी कवळी हातात घेतली, एक डोळा मिटला, आणि म्हणाले, “हो की.” झालं. केसभर वाकडं होतं, पण होतं. तिनं ते पुन्हा केलं, कुणी तिला एका शब्दानं बोललं नाही, आणि त्या न बोलण्यानंच तिचे कान आठवडाभर तापलेले राहिले. पुढच्या रविवारी चर्चमध्ये, डोळे मिटून, तिनं त्यांना माफ केलं. रीतसर, नाव घेऊन. मनावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं होतं तेव्हा, हे तिला चांगलं आठवत होतं. बाहेर येऊन तिनं नवऱ्याला आईस्क्रीमसुद्धा खायला घातलं होतं. मग सोमवारी ती कामावर आली आणि त्यांच्याकडे न बघता आपल्या टेबलाशी जाऊन बसली. पहिल्या दिवशी जमलं नाही म्हणून, दुसऱ्या दिवशी काल नाही बोलले म्हणून, आणि पुढं पुढं सवयीनं.

संध्याकाळी ती दोन थांबे आधीच उतरली आणि चालत घरी निघाली. दुकानांच्या काचांत तिचा चेहरा तिच्याबरोबर चालत होता. चष्म्याच्या दुकानात, बुटांच्या दुकानात, औषधांच्या. ओठ घट्ट मिटलेले, भुवया कामावरच्यासारख्या जवळ आलेल्या. वाटत नाही तुमच्याकडे बघून. खरंच वाटत नव्हतं. ही बाई कुठल्याही क्षणी कुणाचं तरी माप चुकलंय असं सांगेल असं वाटत होतं. आणि मग का कोण जाणे, तिला आई आठवली, आणि आईचे हात, हॉस्पिटलातल्या फिनाइलचा वास येणारे. ती नऊ वर्षांची असताना मामेबहिणीशी कडाक्याचं भांडण झालं होतं. कशावरून ते आता आठवत नव्हतं, पण चावा घेतल्याचं आठवत होतं. आईनं तिला गुडघ्यांवर बसवून बहिणीसाठी प्रार्थना करायला लावली. तिनं केली, चांगली लांबलचक. आमेन म्हणून डोळे उघडले तर आई समोर कंगवा घेऊन उभी. “झाली ना प्रार्थना? आता जा, तिच्या वेण्या घालून ये.” “पण मी प्रार्थना केली ना!” “ती देवानं ऐकली. तिनं कुठं ऐकली? जा, गुंता फार आहे तिच्या केसांत, ओढू नकोस.” त्या वेण्या, ती मान खाली घालून बसलेली बहीण, मानेवरचा तो बारीक लव असलेला खळगा, आणि दुसऱ्या वेणीच्या मध्यावर दोघींना एकदम आलेलं हसू. चाळीस वर्षांपूर्वीचं ते हसू रस्त्याच्या मधोमध तिच्या तोंडावर आलं, आणि समोरून येणाऱ्या अनोळखी बाईनं तिला ओळखीचं हसून दाखवलं.

नवरा नळजोडणीची कामं करायचा, आणि घरी आला की पहिला अर्धा तास त्याला कुठल्याही गोष्टीत गळती कुठं आहे तेच दिसायचं. जेवताना तिनं त्याला फोनबाईचं सांगितलं. तो आधी मनसोक्त हसला, आणि तिनं डोळे वटारल्यावर पाणी प्यायला.

“आणि वर पॉलिशकाका म्हणे! त्या माणसाला मी माफ केलंय, माहितेय तुला. तीन वर्षं झाली.”

“माहितेय की. मला आईस्क्रीम मिळालं होतं.” त्यानं ताटातला बटाटा दोन भागांत कापला. “पण त्याला माहितेय का?”

“काय?”

“तू माफ केल्याची बातमी. ती त्याच्यापर्यंत पोचवली का कुणी?”

“टाकी भरली म्हणून झालं का,” नवरा म्हणाला, “नळाला पाणी यायला पाहिजे ना,” आणि स्वतःच्या या वाक्यावर तो इतका खूश झाला की पुढं कितीतरी वेळ तेच वेगवेगळ्या शब्दांत सांगत राहिला. पण तिचं लक्ष नव्हतं. तिला कळत होतं की आपण तीन वर्षं एका माणसाला माफ करून, नीट गुंडाळून, कपाटात ठेवून दिलं आहे.

दुसऱ्या दिवशी ती हसत कामावर गेली. ठरवूनच. दारातून आत शिरताना हसली, मालकीणबाईंकडे बघून हसली, फोनबाईकडे बघून तर विशेष हसली. प्लास्टरवाल्यानं भांड्यात पांढरा रबडा ढवळता ढवळता तिच्याकडे दोनदा बघितलं आणि काळजीनं विचारलं, “दाढ दुखतेय का?” तिनं हसणं बंद केलं. तो मार्ग नव्हता हे उघडच होतं. मग ती नुसतीच काम करत बसली आणि अधूनमधून खिडकीकडे बघत राहिली. तीन वर्षांत तिनं त्या दिशेला असं बघितलंच नव्हतं. नजरेला तसं वळणच लागलेलं होतं, तिथपर्यंत गेली की वहिवाटीच्या बैलासारखी ती आपोआप भिंतीवरच्या घड्याळाकडे जायची. आता तिला दिसलं की काका बारीक झाले आहेत. पट्ट्याला एक नवं भोक पाडलेलं होतं, खिळ्यानं पाडल्यासारखं, वेडंवाकडं. दिसलं की जेवणाच्या सुट्टीत सगळे मोठ्या टेबलाशी बसतात तेव्हा ते तिथं येत नाहीत. आपल्या जागी, भिंतीकडे तोंड करून, चहात पाव भिजवतात आणि चमच्यानं खातात. तिला वाटत आलं होतं की हा त्यांचा ताठा आहे. मग त्यांनी इकडंतिकडं बघितलं, तोंडातून वरची कवळी काढली, रुमालात गुंडाळून खिशात ठेवली, आणि तिला दुरूनसुद्धा दिसलं की ती मधोमध चिरलेली आहे आणि कितीदा तरी घरच्या घरी सांधलेली आहे. दिवसाला दहा-वीस कवळ्या चकचकीत करणारा माणूस! आणि ती, जिला परक्या म्हाताऱ्यांच्या जांभयांत आपले दात ओळखू येत होते, तिला आठ पावलांवरचं हे तोंड दिसलं नव्हतं. तिचा घास तोंडातच फिरत राहिला. तिला लाज वाटली, पण त्या लाजेच्या खाली, का कोण जाणे, एक उत्साहही होता. कारण हे तिला येत होतं. हसणं जमलं नसतं, दात जमले असते.

त्यांनी पाव संपवून यंत्र सुरू करायच्या आत ती उठली. आठ पावलं. वाटेत प्लास्टरवाल्यानं ढवळणं थांबवलं. ती काकांच्या टेबलापाशी उभी राहिली आणि म्हणाली, “काका, तुमची वरची कवळी मला देता का?”

काकांनी वर बघितलं, चाचपडत चष्मा नीट केला, आणि हात पुढं केला. “द्या इकडं. परवाच धार लावली होती की. इतक्यात बोथट झाला?”

“काय बोथट झालं?”

“तुमचा चाकू. आणला नाहीत? राहू द्या, तुम्ही जेवायला गेलात की घेतो मी. नेहमीसारखा.” दात नसलेल्या तोंडातून शब्द मऊ होऊन येत होते, आणि आवाज मात्र गरजेपेक्षा बराच मोठा होता.

तिनं टेबलाची कड धरली. रोज सकाळचे ते आभार, बिनचूक, इतक्या वर्षांचे. ते पोचले होते, त्याबद्दल तिला शंका नव्हती. फक्त वाटेत त्यांनी काकांपाशीही थांबायला हवं होतं, हे तिनं कधी बघितलं नव्हतं. “माझ्या चाकूला तुम्ही धार लावता?” तिनं विचारलं. “का?”

“काय?”

“का लावता?”

“जरा मोठ्यानं बोला. या यंत्रानं माझे कान खाल्ले. उजव्यातून थोडं येतं.”

ती उजव्या बाजूला गेली. आता माघार नव्हती. “काका, तीन वर्षं मी तुमच्याशी बोलले नाही!”

“काय नाही?”

“बोलले नाही! तुमच्यावर रागावले होते! तीन वर्षं!”

हे सगळ्या खोलीनं ऐकलं. फोनबाईनं फोनवर हात ठेवला. मालकीणबाई दारात आल्या. चर्चमध्ये डोळे मिटून, ओठ न हलवता केलेली गोष्ट आता तिला गळ्याच्या शिरा ताणून, प्लास्टरच्या धुळीत उभं राहून करावी लागत होती, आणि आपण नऊ वर्षांच्या आहोत आणि हातात कंगवा आहे असं काहीतरी तिला वाटत होतं. काकांच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ उमटला, मग हळूहळू काहीतरी उलगडत गेलं.

“म्हणजे तुम्ही बोलतच नव्हतात?” ते म्हणाले.

“नाही!”

“अरे देवा.” देवाचं नाव त्यांच्या तोंडून निघालं ते असं. “आणि मी समजत होतो, तुम्ही रोज सकाळी येताना काहीतरी म्हणत असणार आणि मलाच ऐकू येत नाही. मला फार वाईट वाटायचं. म्हटलं, बाई चांगली आहे, हिला मी रोज उत्तर देत नाही, काय म्हणत असेल. म्हणून मग तो चाकू.” ते थांबले. “रागावला होतात ते त्या गायिकेच्या वेळचं का? मी तुमच्या कानात सांगायला म्हणून बोललो होतो हो. हळूच. सगळे माझ्याकडे का बघतायत ते मला कळेचना.”

प्रथम प्लास्टरवाला फुटला. त्याच्या भांड्यातलं प्लास्टर तोवर दगड झालं होतं, आणि तो ते भांडं पोटाशी धरून हसत होता. मग फोनबाई, मग मालकीणबाई, आणि तिला स्वतःला हसू आवरेना तेव्हा डोळ्यांत पाणीही आलं, आणि त्या दोन्हींतलं कुठलं कशाबद्दल हे तिनं तपासून बघितलं नाही. “मला माफ करा, काका,” ती त्यांच्या उजव्या कानात म्हणाली. “हो हो,” ते म्हणाले, जणू तिनं पाणी मागितलं होतं. “पण चाकू दाखवा एकदा.” आणि चाकूऐवजी तिनं पुन्हा कवळी मागितली तेव्हा ते लाजले. खिशावर हात ठेवून बसले. म्हणाले, “माझं काय आता, चालतंय की.” तिनं पट्ट्याच्या नव्या भोकाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, “हे मला दिसायला तीन वर्षं लागली. आणखी उशीर नका करू.”

खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी ठसा घेतला, प्लास्टरवाल्यानं साचा ओतला आणि स्वतःच्या हातानं तिच्या टेबलावर आणून ठेवला. साहित्य मालकीणबाईंनी दिलं, वेळ तिनं जेवणाच्या सुट्टीतला काढला. काकांचा टाळू तिच्या तळहातावर होता, पांढरा आणि थंड, त्यावरच्या बारीक वळ्या ओल्या वाळूवर पाण्यानं सोडलेल्या रेघांसारख्या. जबड्याची कड झिजून पार खाली गेलेली. या तोंडानं किती वर्षं डाव्या बाजूनंच चावलं होतं, हे तिच्या अंगठ्याला कळलं. तीन वर्षं ज्या चेहऱ्याकडे बघितलं नाही, त्याच्या इतकं आत तर त्यांच्या घरच्यांनीही कधी बघितलं नसेल. दात बसवताना ती नेहमीची प्रार्थना म्हणू लागली आणि मध्येच थांबली, कारण आजवर ती तोंडांसाठी होती आणि आता तोंडाला माणूस होता. त्या माणसाला काय गोड लागतं? ती उठली, आठ पावलं गेली आणि ओरडून विचारलं. “सफरचंद!” ते ओरडले. “पण सालीसकट!” मग तिनं परत येऊन सालीसकट सफरचंदासाठी प्रार्थना केली, पुढचे चार दात जरा जास्त पक्के धरतील असे बसवले, आणि मधल्या रेघेवर पूर्ण एक दुपार घालवली.

मेणात बसवलेले दात तोंडात घालून बघायच्या दिवशी शब्द तपासावे लागतात. दात जरा पुढंमागं झाले तर ‘स’ची शिट्टी होते. डॉक्टरांनी काकांना खुर्चीत बसवलं आणि तिनं त्यांच्या उजव्या कानाशी सांगितलं, “सहापासून म्हणा, स येणारे आकडे!” काका हात मांडीवर ठेवून, शाळेत उभे केल्यासारखे ताठ बसले आणि म्हणू लागले, “सहा, सात, सोळा, सतरा, सदतीस, सत्तेचाळीस...” प्रत्येक आकडा स्वच्छ, वाजवून घेतलेल्या नाण्यासारखा. साठवर ते थांबले, आरशात बघितलं, आणि पुन्हा म्हणाले, “साठ.” बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिले. “माझी बायको होती तेव्हा मी असा बोलायचो,” ते म्हणाले, आणि डॉक्टर उगाचच हात धुवायला गेले.

मेणाची कवळी पक्की झाली आणि शेवटी पॉलिशला गेली, म्हणजे त्यांच्याकडेच. ते काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही, आणि त्या एका कवळीला त्यांनी तीन कवळ्यांचा वेळ लावला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते पहिल्यांदा मोठ्या टेबलाशी आले. प्लास्टरवाल्यानं सरकून जागा केली. त्यांनी खिशातून सफरचंद काढलं, शर्टाला पुसलं, आणि चावलं. कर्रकन आवाज झाला. सगळ्यांनी तो नीट ऐकला. सफरचंद संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत, आणि ते संपल्यावर जे बोलायला लागले ते थांबेचनात. निघालं असं की माणूस मुळात कमालीचा बोलका. तरुणपणी बोटीवर स्वयंपाकी होते तिथपासून सुरुवात झाली, मग कप्तानाच्या सुपात पडलेलं बटण, मग बायकोशी ओळख, तीही त्या बटणामुळेच, कारण ते शिवायला द्यायचं होतं. फोन वाजला तो फोनबाईनं घेतला आणि दोन शब्दांत उरकला. सुट्टी संपली. मालकीणबाईंनी घड्याळाकडे बघितलं आणि मग कप्तानाचं पुढं काय झालं ते विचारलं. तिच्या मनात आलं, प्रभू, एवढं बोलणं या माणसात साठलेलं होतं आणि मी आठ पावलांवर होते. पण आलं ते टोचायला आलं नाही, नुसतं येऊन शेजारी बसलं.

“आणि तुम्ही?” काका एकदम तिच्याकडे वळले. “फोनबाई सांगत होत्या, तुम्ही रविवारी चर्चला जाता. काय असतं तिथं?”

या प्रश्नाचं उत्तर तिनं आयुष्यभर तयार ठेवलं होतं, आणि त्यातला एकही शब्द आता उपयोगाचा वाटेना. “काही विशेष नाही,” ती म्हणाली. “बरं वाटतं तिथं. आपल्यावर कुणीतरी प्रेम करतं, आपण काही न करता, हे तिथं पुन्हा आठवतं.”

“काय आठवतं?”

“प्रेम!” ती ओरडली. टेबलावरचे चमचे हलले. “आणि मग सोमवारी इथं यायचं असतं! ते अवघड जातं!”

काकांनी क्षणभर विचार केला आणि मग ते हसले, मान मागं टाकून, सगळ्या दातांनिशी. दात तिचे होते, चकाकी त्यांची होती, आणि हसू कुणाचं हे विचारायला कुणाला सवड नव्हती. “अवघड जातं म्हणजे कसं?” ते डोळे पुसत म्हणाले. “नीट सांगा. सुरुवातीपासून.”

तिनं आपली खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घातला, आणि त्यांच्या उजव्या हाताला नेऊन ठेवली.